लेवाँटिन, रिचर्ड चार्ल्स

(२९ मार्च १९२९–४ जुलै २०२१). अमेरिकन क्रमविकासवैज्ञानिक व आनुवंशिकीविज्ञ. सजीवांच्या समष्टींमधील आनुवंशिक विविधता प्रत्यक्ष मोजण्याची पद्धती त्यांनी जे. एल. हबी यांच्यासमवेत रूढ केली आणि त्याच दृष्टीने मानवजातीकडे पाहून ‘मानववंश’ या रूढ कल्पनेला जीववैज्ञानिक आधार किती आहे, याचा हिशेब १९७२ मध्ये मांडला. वंशभेदाच्या समर्थनार्थ विज्ञानाचा दाखला देणाऱ्या मतांचे त्यांनी जवळजवळ अर्धशतक खंडन केले.

लेवाँटिन यांचा जन्म न्यूयॉर्क शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हार्व्हर्ड विद्यापीठातून १९५१ मध्ये जीवविज्ञानाची पदवी घेतल्यावर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे १९५२ मध्ये गणितीय सांख्यिकी या विषयातील एम्. ए. व १९५४ मध्ये प्राणिविज्ञानातील पीएच्. डी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. थीओडोशियस डोबझान्स्की हे त्यांचे मार्गदर्शक होते. गणित व प्राणिविज्ञान यांचा हा संयोग पुढील सर्व कार्यात दिसून येतो. नॉर्थ कॅरोलायना, रॉचेस्टर व शिकागो (१९६४–७३) येथील विद्यापीठांत अध्यापन केल्यानंतर १९७३ मध्ये ते हार्व्हर्ड विद्यापीठात प्राणिविज्ञानाचे प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत त्याच संस्थेशी निगडित राहिले.

त्यांच्या कार्याचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी मानववंशाच्या कल्पनेचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये मानवाचे खंडवार चार प्रकार सांगितले आणि प्रत्येकाच्या वर्णासोबत त्याचा स्वभावही नोंदविला. कातडीच्या रंगाला शीलाची जोड देण्याची ही खोड पुढे दोनशे वर्षे टिकली. योहान ब्लूमेनबाख यांनी १७९५ मध्ये पाच प्रकार मानले. मात्र सर्व माणसे एकाच जातीची असून एक प्रकार नकळत दुसऱ्यात मिसळून जातो, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. त्यांच्या अनुयायांनी पाच हा आकडा घेतला व इशारा सोडून दिला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सॅम्युएल मॉर्टन यांनी कवट्यांचे आकारमान मोजून वंशांची उतरंड लावली. तेथील गुलामगिरीच्या समर्थकांना ती फार सोयीची वाटली.

भारतातही या विचाराची शाखा पोहोचली होती. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या रुंदीच्या मापावरून जातींचा सामाजिक दर्जा सांगता येतो, असे प्रतिपादन केले व हिंदी लोकांचे सात वांशिक प्रकार कल्पिले. मराठे, कुणबी व महाराष्ट्रातील ब्राह्मण यांची गणना त्यांनी ‘शक-द्राविडी’ या प्रकारात केली. या नावामागे ऐतिहासिक पुरावा जवळजवळ नव्हता. तरीही शाळेच्या पुस्तकांतून ते दीर्घकाळ वावरले. उलटपक्षी, इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे ऑइगेन फिशर या वंशवादी मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला. वंशपरत्वे ही असममिती बदलते, या अपेक्षेला त्यांच्या मोजमापांतून पुष्टी मिळाली नाही. गुरूच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्या काळी जर्मनीत मांडणे सोपे नव्हते.

कवटी, नाक व वर्ण यांच्या मापनात मुख्य अडचण अशी, की या लक्षणांवर अनेक जीनांचा (आनुवंशिक घटकांचा) व परिस्थितीचाही एकत्र परिणाम होतो. रक्तगटांचे तसे नाही. ते साध्या नियमाने पुढील पिढीत उतरतात व अन्न, ऊन किंवा शिक्षण यांमुळे बदलत नाहीत. लूटव्हिक व हान्का हिर्शफेल्ड या दांपत्याने पहिल्या महायुद्धात सलॉनिका येथे जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले व १९१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अ व ब या गटांचे प्रमाण देशोदेशी बदलत होते, परंतु कोणताही गट एकाच लोकसमूहाची मिरास नव्हता. पुढे आर्थर मूरांट यांनी जगभरच्या रक्तगटांच्या नोंदी एकत्र करून १९५४ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ही सामग्री सर्वांसमोर होती. तिला योग्य प्रश्न मात्र विचारला गेला नव्हता.

तो प्रश्न लेवाँटिन यांना माश्यांच्या अभ्यासातून सुचला, असे म्हणता येईल. १९५०–६० या दशकात आनुवंशिकीविज्ञांत दोन पक्ष होते. एच्. जे. म्यूलर यांच्या मते जातीतील बहुतेक व्यक्तींचे बहुतेक जीन सारखेच असतात. वेगळे रूप म्हणजे विरळा व सामान्यतः अपायकारक उत्परिवर्तन (आनुवंशिक लक्षणांत एकाएकी होणारा बदल). डोबझान्स्की यांच्या मते उलट विविधता हीच नैसर्गिक स्थिती होय. वाद तात्त्विक वाटला, तरी त्यात मोठे मर्म होते. पहिले मत खरे असेल, तर प्रत्येक जातीचा एक आदर्श नमुना असतो व त्यापासून ढळणारे सदोष ठरतात. दुसरे खरे असेल, तर असा नमुनाच अस्तित्वात नसतो. परंतु डोळ्यांना दिसणाऱ्या भेदांवरूनच जीन ओळखण्याची पद्धत असल्यामुळे, न बदलणारे जीन मोजणीत येतच नसत आणि विविधतेचे एकूण प्रमाण काढणे अशक्य होते.

शिकागो येथील हबी यांच्याकडे या अडचणीवर तोड होती. प्रथिनांचे रेणू जेलीसारख्या पदार्थात ठेवून विजेचा प्रवाह सोडला, की विद्युत् भारानुसार ते कमीअधिक अंतर पुढे सरकतात (विद्युत् संचारण). जीनमध्ये बदल झाल्यास प्रथिनाचा भार पुष्कळदा बदलतो व जेलीवरील पट्टा निराळ्या जागी उमटतो. विशेष म्हणजे जो जीन मुळीच बदलत नाही, त्याचाही पट्टा दिसतो व तोही हिशेबात धरता येतो. लेवाँटिन व हबी यांनी ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्यूरा या फळमाशीच्या १८ जीनांची अशी तपासणी करून १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका समष्टीत सरासरीने सु. ३० टक्के जीन एकाहून अधिक रूपांत आढळले आणि एकाच माशीत सु. १२ टक्के जीनांची आईकडून व बापाकडून आलेली रूपे भिन्न होती. इतकी विविधता फारच थोड्यांनी अपेक्षिली होती. त्याच वर्षी लंडन येथे हॅरी हॅरिस यांनी मानवी एंझाइमांविषयी (शरीरातील रासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांविषयी) याच स्वरूपाचा निष्कर्ष जाहीर केला. आदर्श नमुन्याची कल्पना यामुळे ढासळली. ही विविधता नैसर्गिक निवडीमुळे टिकते की केवळ यदृच्छेने, हा नवा वाद मात्र सुरू झाला. मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडलेला उदासीन क्रमविकासाचा सिद्धांत त्याच वादातील होय. लेवाँटिन यांनी त्याचा परामर्श आपल्या द जेनेटिक बेसिस ऑफ इव्होल्यूशनरी चेंज (१९७४) या ग्रंथात घेतला. स्वतःच्या पद्धतीच्या मर्यादा इतक्या निर्भीडपणे सांगणारे ग्रंथ विज्ञानात थोडेच आहेत.

एकाच समष्टीत एवढा भेद असेल, तर दोन समष्टींमध्ये किंवा दोन ‘वंशां’मध्ये त्याव्यतिरिक्त कितीसा उरतो, हा प्रश्न ओघानेच आला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानवी विविधतेची वाटणी’ या अर्थाच्या शीर्षकाच्या लेखात लेवाँटिन यांनी त्याचे उत्तर दिले. एका लांबच्या बसप्रवासात मूरांट यांचा ग्रंथ व लॉगरिथमाचा एक तक्ता मांडीवर घेऊन आपण हे गणित केले, असे ते सांगत. रक्तगट, रक्तरसातील प्रथिने व एंझाइमे मिळून १७ जीनांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. त्या काळच्या प्रघातानुसार मानवजातीचे सात वंश धरले : कॉकेशियन, आफ्रिकी, मंगोली, दक्षिण आशियातील आदिवासी, अमेरिकेतील मूलनिवासी, ओशिॲनियातील लोक व ऑस्ट्रेलियातील आदिवासी. ही यादी तयार करतानाच वर्गीकरणाचा लंगडेपणा उघड होतो. भारतासारख्या देशातील लोक या सात खणांत घालावयाचे, तर कोठे तरी मनमानी रेघ मारावीच लागते. त्यानंतर संदेशवहनाच्या गणितातील एक माप वापरून एकूण विविधतेचे त्यांनी तीन भाग केले. सरासरीने ८५·४ टक्के विविधता एकेका समष्टीच्या आतच आढळली. एकाच वंशातील निरनिराळ्या समष्टींत ८·३ टक्के आणि वंशावंशांत केवळ ६·३ टक्के.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उद्या एखाद्या आपत्तीत एकच लोकसमूह वाचला, तरी मानवजातीची बहुतांश आनुवंशिक विविधता त्याच्या ठायी शिल्लक राहील, असा त्याचा आशय आहे. सर्व जीन एकसारखे वागत नाहीत, हेही त्या तक्त्यावरून दिसते. उदा., डफी या रक्तगटाच्या बाबतीत समूहासमूहांतील फरक सरासरीपेक्षा पुष्कळच मोठा आहे. या गटाचे आफ्रिकेत बहुसंख्य असलेले रूप एका प्रकारच्या हिवतापाला प्रतिबंध करते, असे पुढे दिसून आले. कातडीचा रंगही असाच अपवाद आहे. उन्हाच्या तीव्रतेनुसार निवड झाल्यामुळे तो खंडोखंडी ठळकपणे बदलतो आणि नेमका तोच डोळ्यांत भरतो. त्यामुळे उरलेले जीनही तसेच भिन्न असणार, असा ग्रह होतो. वंशविषयक वर्गीकरणाला आनुवंशिकीच्या किंवा वर्गीकरणविज्ञानाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच अर्थ नाही व समाजाला ते घातक आहे, म्हणून ते सोडून द्यावे, असा निष्कर्ष लेखाच्या अखेरीस काढला आहे.

पुढील संशोधनाने हे प्रमाण सामान्यतः टिकून राहिले. ग्वीदो बार्बूजानी व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये डीएनएच्या १०९ स्थानांवरून समष्टीच्या आतील वाटा ८४·४ टक्के काढला. नोआ रोझेनबर्ग व इतरांनी २००२ मध्ये ५२ समष्टींतील १,०५६ व्यक्तींचा अभ्यास केला. त्यात तो ९३ ते ९५ टक्के भरला (वापरलेल्या डीएनए-खुणांचा प्रकार निराळा असल्याने आकडा अधिक आला).

लेखावरील सर्वांत गंभीर आक्षेप मात्र तीस वर्षांनी आला. केंब्रिज येथील सांख्यिकीविज्ञ ए. डब्ल्यू. एफ्. एडवर्ड्‌झ यांनी २००३ मध्ये असे दाखविले, की एकेक जीन सुटा न घेता अनेक जीनांचा परस्परसंबंध एकत्र पाहिला, तर व्यक्तीचे पूर्वज कोणत्या खंडातील हे बव्हंशी अचूक सांगता येते. हा मुद्दा बरोबर आहे. एका शब्दावरून बोलणारा वऱ्हाडातला की मालवणातला हे सांगता येत नाही, पण त्याची दहा वाक्ये ऐकली की बहुधा सांगता येते. तथापि त्यावरून वऱ्हाडी व मालवणी यांत शब्दसंपत्तीचा मोठा वाटा समान असतो, हे खोटे ठरत नाही. मूळ ओळखता येणे ही एक गोष्ट व भेदाचे प्रमाण ही दुसरी. शिवाय पुरेसे जीन घेतल्यास खंडांप्रमाणे प्रांत व खोरीही वेगळी काढता येतात. मग त्यांपैकी ‘वंश’ कोणास म्हणावयाचे, हे गणित सांगू शकत नाही. रोझेनबर्ग यांच्याच अभ्यासात संगणकाला पाच गट पाडण्यास सांगितले, तेव्हा ते स्थूलमानाने खंडांशी जुळले. सहा पाडण्यास सांगितले, तेव्हा सहावा गट मुख्यतः वायव्य पाकिस्तानातील कलाश या छोट्या जमातीचा निघाला. कलाशांना जगातील सहावा वंश म्हणण्यास कोणी धजावलेले नाही. लेवाँटिन यांचा ‘जवळजवळ काहीच अर्थ नाही’ हा शब्दप्रयोग आकड्यांना पेलणारा होता त्याहून थोडा अधिक ठाम होता, एवढे मात्र मान्य करावयास हवे.

याआधीच ते बुद्धिमत्तेच्या वादात उतरले होते. अमेरिकेतील गोऱ्या व काळ्या मुलांच्या बुद्धिगुणांकांच्या सरासरींत सु. १५ गुणांचा फरक आढळत असे. आर्थर जेन्सेन या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये असा युक्तिवाद केला, की बुद्धिगुणांकाची आनुवंशिकता सु. ८० टक्के आहे. म्हणून हा फरकही बराचसा आनुवंशिक असण्याचा संभव आहे आणि मागास मुलांसाठीच्या पूरक शिक्षणाच्या योजनांपासून फारशी आशा करता येत नाही. १९६५ मध्ये गरीब बालकांसाठी सरकारी शिक्षणयोजना नुकत्याच सुरू झालेल्या असल्यामुळे हा केवळ विद्वानांचा वाद नव्हता; मुलांच्या शाळेचा पैसा त्यावर अवलंबून होता. लेवाँटिन यांनी १९७० मध्ये दिलेले उत्तर आज पाठ्यपुस्तकांत गेले आहे. मिश्र परागणाच्या मक्याचे बियाणे घ्यावे व दोन मुठी बाजूला काढाव्यात. एक मूठ पूर्ण पोषक द्रावणात पेरावी. दुसरीच्या द्रावणात नायट्रेटे निम्मी ठेवून सूक्ष्म मूलद्रव्ये वगळावीत. प्रत्येक वाफ्यात सर्व रोपांना परिस्थिती तंतोतंत सारखी असल्याने तेथील उंचीचे फरक पूर्णतः आनुवंशिक असतील. तरीसुद्धा दोन वाफ्यांच्या सरासरी उंचीत जो फरक पडेल, तो सर्वस्वी द्रावणाचा असेल. समूहाच्या आतील आनुवंशिकता ही दोन समूहांतील फरकाचे कारण सांगू शकत नाही, हे यावरून कोणत्याही शेतकऱ्याला पटावे. जेन्सेन यांनी प्रत्युत्तर दिले, पण या दृष्टांताची धार बोथट झाली नाही.

त्यापुढे जाऊन १९७४ मध्ये त्यांनी आनुवंशिकता व परिस्थिती यांचे टक्केवारीने वाटे पाडणेच मुळात दिशाभूल करणारे आहे, असे प्रतिपादिले. यासाठी कॅलिफोर्नियातील जुन्या प्रयोगांचा ते वारंवार उपयोग करीत. ॲकिलिया या वनस्पतीच्या प्रत्येक झाडाचे तुकडे करून ते समुद्रसपाटीजवळ, मध्यम उंचीवर व सु. ३,००० मी. उंचीवर लावण्यात आले होते. खाली सर्वांत उंच वाढलेले झाड वर गेल्यावरही उंच राहिले असे नाही. क्रम प्रत्येक ठिकाणी बदलला. कोणता जीन ‘श्रेष्ठ’, हे जागा ठरविल्याखेरीज सांगताच येत नाही. लीऑन केमिन व स्टीव्हन रोझ यांच्यासमवेत लिहिलेल्या नॉट इन अवर जीन्स (१९८४) या ग्रंथात हाच विषय सामान्य वाचकांसाठी विस्ताराने मांडला आहे. त्यातील बुद्धिमापनाच्या इतिहासाची प्रकरणे आजही वाचनीय आहेत. राजकीय भाग काहीसा एकसुरी वाटतो.

लेवाँटिन हे उघडपणे मार्क्सवादी होते व ते त्यांनी कधी लपविले नाही. व्हिएटनाम युद्धाला त्यांचा विरोध होता. नॅशनल ॲकॅडेमी ऑफ सायन्सेस ही संस्था युद्धखात्यासाठी गुप्त संशोधन करते, या कारणावरून १९७१ मध्ये त्यांनी तिच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. एडवर्ड विल्सन यांच्या सोशिओबायॉलॉजी (१९७५) या ग्रंथावर त्यांच्यासह काही सहकाऱ्यांनी जाहीर पत्राद्वारे कडक टीका केली. विल्सन व ते हार्व्हर्ड येथे एकाच इमारतीत काम करीत व त्यांना तेथे आणण्यात विल्सन यांचाही हात होता. त्यामुळे हा वाद कटू झाला. टीकेचा सूर विल्सन यांना काही अंशी अन्यायकारक होता, असे मत पुढे अनेकांनी व्यक्त केले आहे. स्टीव्हन जे गूल्ड यांच्यासमवेत १९७९ मध्ये लिहिलेला लेख अधिक टिकाऊ ठरला. सजीवाचे प्रत्येक लक्षण कोणत्या तरी उपयोगासाठीच निवडले गेले असे गृहीत धरण्याच्या सवयीवर त्यात टीका आहे. दोन कमानींच्या वर घुमट ठेवताना मधला त्रिकोणी भाग आपोआपच उरतो. तेथे सुंदर चित्र काढलेले असले, तरी चित्रासाठी तो बांधलेला नसतो, हे व्हेनिसच्या चर्चचे उदाहरण त्यांनी दिले.

न्यायालयांतही वंशाच्या कल्पनेचा प्रश्न उपस्थित झाला. गुन्ह्याच्या जागी मिळालेला डीएनए आरोपीशी जुळल्यास, तो योगायोग असण्याची संभाव्यता ‘गोरे’, ‘काळे’ किंवा ‘हिस्पॅनिक’ अशा ढोबळ गटांच्या सरासरींवरून काढीत व ती कोट्यवधींत एक अशी सांगत. गटाच्या आतील उपसमूहांत जीनांचे प्रमाण भिन्न असल्यास हा हिशेब आरोपीवर अन्याय करू शकतो, असा आक्षेप लेवाँटिन व डॅन्येल हार्ट्‌ल यांनी १९९१ मध्ये घेतला. रणजित चक्रवर्ती व केनेथ किड यांनी त्याच अंकात त्याचा प्रतिवाद केला. नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९२ व १९९६ मध्ये अहवाल देऊन गणनेच्या सुधारित रीती सुचविल्या.

वैद्यकात हा प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही. दात्रकोशिका पांडुरोग (सिकल सेल) हा अमेरिकेत दीर्घकाळ ‘काळ्यांचा रोग’ समजला गेला. वस्तुतः तो हिवतापाच्या प्रदेशांशी निगडित असून भूमध्य समुद्राच्या परिसरात, अरबस्तानात व भारतात निलगिरीपासून गडचिरोली-नंदुरबारपर्यंतच्या आदिवासींत आढळतो. मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या सूत्रात काळ्या रुग्णांसाठी वेगळा गुणक धरीत. त्यामुळे त्यांचा आजार प्रत्यक्षापेक्षा सौम्य भासून उपचारास विलंब होण्याची शक्यता असे. अमेरिकेतील तज्ञांनी २०२१ मध्ये वंशाचा उल्लेख नसलेले सूत्र वापरण्याची शिफारस केली.

लेवाँटिन यांच्या प्रयोगशाळेत अनेक नामवंत संशोधक घडले. त्यांपैकी मार्टिन क्राइटमन यांनी १९८३ मध्ये फळमाशीच्या एका जीनच्या ११ प्रतींचा डीएनए-क्रम लावला. त्यांत ४३ ठिकाणी फरक आढळले, पण प्रथिन बदलणारा फरक एकच निघाला. विविधतेच्या अभ्यासाची दिशा यामुळे प्रथिनांकडून डीएनएकडे वळली. भारतीय वंशाचे रामा सिंग यांनीही त्यांच्याबरोबर विद्युत् संचारणाची पद्धती अधिक सूक्ष्म करणारे काम केले. सहकाऱ्याच्या वा विद्यार्थ्याच्या ज्या निबंधात आपण प्रत्यक्ष काम केलेले नाही, त्यावर आपले नाव घालू न देण्याचा लेवाँटिन यांचा शिरस्ता होता.

द डायलेक्टिकल बायॉलॉजिस्ट (रिचर्ड लेव्हिन्झ यांच्यासह, १९८५), बायॉलॉजी ॲज आयडिऑलॉजी (१९९१) व द ट्रिपल हीलिक्स (२०००) हे त्यांचे अन्य उल्लेखनीय ग्रंथ होत. स्यूअल राइट पारितोषिक (१९९४), टोमोको ओहटा यांच्यासमवेत क्राफूर्ड पारितोषिक (२०१५) व टॉमस हंट मॉर्गन पदक (२०१७) हे सन्मान त्यांना लाभले. केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी मेरी जेन यांचे त्यापूर्वी तीनच दिवस आधी देहावसान झाले होते.